लक्ष्मीपूजनाची नाइट : एका रुग्णालयातल्या दिवाळीचा प्रकरण अभ्यास

दिवाळीत रुग्णालयातल्या लोकांचे आभार मानावेत असं मुंबईत अनेक सोसायट्यांना, मंडळांना मनापासून वाटतं. ते आभार ड्युटीवरच्या माणसापर्यंत पोहोचतात का, हे मात्र क्वचितच कोणी तपासतं. इथे ते तपासलं गेलं. रुग्णालय, सोसायट्या आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

पूर्व उपनगरातलं महापालिकेचं रुग्णालय. केईएम किंवा सायन या मोठ्या पालिका रुग्णालयांएवढा पसारा नाही, पण कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), लेबर वॉर्ड, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), मेडिसिन आणि सर्जरीचे वॉर्ड, ब्लड बँक असं सगळं चोवीस तास चालणारं. पाळ्या तीन : सकाळी ७ ते २, दुपारी २ ते ९, रात्री ९ ते ७. कामाला येणारे बरेचसे लांबचे. सिस्टर कल्याण-बदलापूरहून, वसई-विरारहून, पनवेलहून येतात. वॉर्डातली साफसफाई आणि वरकाम करणाऱ्या मावशी आणि मामा जवळच्या वस्त्यांतून. ज्यांचं मुंबईत कोणी नाही त्या तरुण सिस्टर हॉस्टेलमध्ये राहतात.

रुग्णालयाच्या शेजारी सात सोसायट्यांचा महासंघ आहे. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी इथल्या गॅलऱ्यांतूनही थाळ्या वाजल्या होत्या. ३ मे २०२० ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी मुंबईतल्या रुग्णालयांवर फुलं उधळली, तेव्हा गच्चीवर जाऊन लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोरोनाच्या त्या साथीत सोसायट्यांमधली माणसं याच रुग्णालयात वाचली, काही गेलीही. म्हणून दर दिवाळीला रुग्णालयासाठी काहीतरी करायचं, असं महासंघाने ठरवलं. भावना खरी होती आणि आजही आहे.

आधीच्या दिवाळीत काय झालं

कार्यक्रम दोन भागांत झाला. धनत्रयोदशीला सकाळी अकराला मिठाईचे २४० बॉक्स रुग्णालयाच्या ऑफिसात पोहोचले. भाऊबीजेला संध्याकाळी आवारात मंडप घालून तीस सिस्टरांचा सत्कार झाला. सिस्टर म्हणजे बहीण, म्हणून भाऊबीजेचा दिवस. शाल, श्रीफळ, ओवाळणीचं पाकीट, प्रत्येकाचं भाषण.

बिघाड कुठे झाला, ते महिन्याभराने कळलं. २४० हा आकडा आस्थापना विभागाकडून आला होता. म्हणजे पगारपत्रकावरचे कायम कर्मचारी. निवासी डॉक्टर त्यात नव्हते, इंटर्न नव्हते. हाऊसकीपिंगच्या कंत्राटी मावशी, सिक्युरिटी, लाँड्री, किचन, लिफ्टमन, डेटा एंट्रीची मुलं, शवागारातले कामगार यांच्यापैकी कोणीच नव्हतं. बॉक्स सकाळच्या पाळीला वाटायला सुरुवात झाली आणि दुपारच्या पाळीपर्यंत बहुतेक संपले. नाइटवाल्यांसाठी बाजूला काढलेल्या बॉक्समध्ये खव्याची बर्फी होती. ऑफिसात फ्रीज नव्हता. तिसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येऊ लागला आणि ती टाकून द्यावी लागली.

लिफ्ट बंद होती म्हणून बॉक्स वरच्या मजल्यांवर पोहोचवण्याचं काम दोन कंत्राटी मावशींना सांगितलं गेलं. एकावर एक दहा-दहा बॉक्सची चळत हनुवटीने दाबून धरत त्यांनी चार मजले चढून सगळ्या वॉर्डांत मिठाई पोहोचवली. त्या दोघींना बॉक्स मिळाला नाही, कारण यादीत त्यांची नावंच नव्हती. वाटणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे लिहायलाच हवं. यादी ज्याने केली आणि ओझं ज्यांनी उचललं त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

सत्काराचा हिशेब आणखी जड होता. कार्यक्रम साडेसहाला सुरू व्हायचा होता, तो सव्वासातला सुरू झाला. सत्काराला बोलावलेल्या सिस्टरांपैकी काही दुपारच्या ड्युटीवर होत्या. त्या खाली आल्यावर वॉर्डात उरलेल्यांनी दोघींचं काम एकटीने ओढलं. काही रात्रीच्या पाळीच्या होत्या. त्या साडेसहासाठी घरून चारलाच निघाल्या, म्हणजे नाइटच्या आधी दुपारी जी झोप काढायची तीच गेली. नऊ वाजता कार्यक्रम रेंगाळलेलाच होता. पुढची पाळी घेणारी रिलिव्हर मंडपात अडकलेली, त्यामुळे हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवणं, पावणेदहापर्यंत लांबलं आणि दुपारच्या पाळीच्या सिस्टर तोवर वॉर्डातच थांबल्या.

पुढच्या वर्षी महासंघाचे सेक्रेटरी पुन्हा परवानगी मागायला गेले, तेव्हा सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख असलेल्या मेट्रन मॅडम शांतपणे म्हणाल्या, “काका, तुमचा सत्कार माझ्या वॉर्डांना महाग पडतो.” इथून या प्रकरणाला सुरुवात होते.

नेमकी अडचण

दिवाळीतली रुग्णालयाची रात्र कशी असते ते बाहेरच्यांना दिसत नाही. इलेक्टिव्ह, म्हणजे तातडीची नसलेली, ऑपरेशनं थांबतात, ओपीडी बंद असते, म्हणून काम कमी असेल असा समज होतो. पण जवळचे दवाखाने बंद असतात, फॅमिली डॉक्टर गावी गेलेले असतात, त्यामुळे साधा ताप आणि उलट्यासुद्धा कॅज्युअल्टीत येतात. मुंबई परिसरात फटाक्यांची मुभा रात्री ८ ते १० पर्यंत मर्यादित झाली, आणि पाळी बदलते ती नऊला. भाजलेली मुलं, डोळ्यांत ठिणगी गेलेली माणसं यांची रांग लागते नेमकी हँडओव्हरच्या वेळी, आणि ती एकपर्यंत चालते. त्यात रजेवर गेलेल्यांमुळे हात कमी. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स असं आहे. सणाच्या रात्री त्याच्या जवळपासही जाता येत नाही.

निवासी डॉक्टरांची गोष्ट वेगळी नाही. आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नसावी, हे केंद्राच्या १९९२ च्या निर्देशांत आहे. सणाच्या आठवड्यात इमर्जन्सीच्या दिवशी ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा प्रश्न असा होता : रात्री दीड वाजता जो माणूस उभा आहे त्याच्यापर्यंत, त्याच्या कामात अडथळा न आणता, त्याला उपयोगी पडेल असं काय पोहोचवायचं? हाताशी रक्कम होती १ लाख २५ हजार रुपये आणि वेळ होता पाच आठवड्यांचा.

पहिला निर्णय : विचारायचं कोणाला आणि कसं

महासंघातल्या एका सोसायटीत निवृत्त इन्चार्ज (वॉर्डप्रमुख) सिस्टर राहतात. त्यांना या कामाच्या समितीत घेतलं, आणि पुढचं निम्मं काम त्यामुळेच सुधारलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की “तुम्हाला काय हवं?” असं विचारू नका. तसं विचारलं की सिस्टर आणि मावशी एकच उत्तर देतात, “काही नको, तुम्ही विचारलंत तेच पुष्कळ.” प्रश्न बदलला : दिवाळीच्या ड्युटीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?

मेट्रन मॅडमच्या परवानगीने चेंजिंग रूमबाहेर आणि कंत्राटी कामगारांच्या हजेरीच्या जागी एकेक बंद पेटी ठेवली, दहा दिवस. नाव लिहायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशी निवृत्त सिस्टर स्वतः बोलल्या. चिठ्ठ्यांत जे पुन्हा पुन्हा आलं ते असं : रात्री कॅन्टीन बंद, घरून आणलेला डबा दहालाच संपतो किंवा खायला फुरसत मिळेपर्यंत थंडगार होतो. दुपारची पाळी सुटल्यावर स्टेशनपर्यंत रिक्षा मिळत नाही आणि सणाच्या दिवशी लोकल रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. रात्री पाठ टेकायला जागा नाही. एकेका पेशंटमागे सहा-सहा नातेवाईक येऊन आरडाओरडा करतात. आणि सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होतं : दर वर्षी लक्ष्मीपूजनाची नाइट मलाच का?

मिठाई कोणीही मागितली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

सत्कार पुन्हा करायचा, पण लहान प्रमाणात आणि सणानंतरच्या आठवड्यात, हा पहिला पर्याय. काही सभासदांना तो सोडवत नव्हता, कारण लोकांसमोर मान देण्याला स्वतःची किंमत असते. ती असतेच. पण तीस जणांचा मान करताना बाकी साडेतीनशे जण वगळले जातात आणि ते तीस कोण हे ठरवताना वॉर्डात कडवटपणा येतो. पर्याय बाजूला ठेवला.

मिठाईचा चांगला बॉक्स साडेचारशे रुपयांचा. २४० जणांना द्यायचा तरी १ लाख ८ हजार झाले असते आणि यादीचा घोळ तसाच राहिला असता. सुट्या मिठाईवर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. तिथे खव्याच्या पदार्थांवरची तारीख पाहिली की ते तीन पाळ्यांत वाटायला किती गैरसोयीचे आहेत ते लगेच कळतं.

रोख किंवा गिफ्ट कूपन देण्याची सूचना आली. पालिका कर्मचाऱ्यांना भेटी घेण्यावर सेवानियमांची बंधनं असतात. चांगल्या हेतूने दिलेल्या पाकिटामुळे एखाद्या मामांची चौकशी लागू शकते. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

उरला तो चिठ्ठ्यांतून निघालेला मार्ग : नाइटला गरम जेवण, सगळ्यांना फराळ, स्टेशनपर्यंत गाडी, विश्रांतीची खोली. ड्युटीच्या यादीचं काय करायचं हा प्रश्न महासंघाच्या हातातला नव्हता.

दुसरा निर्णय : ड्युटीची यादी

चिठ्ठ्यांचा गोषवारा मेट्रन मॅडमना दिला तेव्हा त्यांनी मागच्या दोन दिवाळ्यांच्या याद्या काढून शेजारी-शेजारी ठेवल्या. लक्ष्मीपूजनाच्या नाइटला बरीच नावं दोन्ही वर्षी तीच होती. जवळजवळ सगळ्या हॉस्टेलच्या मुली. कोल्हापूर, लातूर, नांदेडच्या, काही केरळच्या. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. “त्या इथेच राहतात, त्यांना काय” अशा समजुतीने यादी बनत गेली होती. ज्येष्ठ सिस्टरांचंही म्हणणं होतं : आम्ही तरुणपणी वीस वर्षं केलं, आता घरी सुना-नातवंडं आहेत. दोन्ही बाजूंना खरं दुखणं होतं.

मेट्रन मॅडमनी केलेली मांडणी इतरत्रही वापरता येईल. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन हा एक गट, पाडवा आणि भाऊबीज हा दुसरा. प्रत्येकीला एक गट ड्युटी, एक गट मोकळा. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला नाइट केलेल्यांना निवडीचा पहिला हक्क. यादी वीस दिवस आधी फळ्यावर, म्हणजे गावाला जाणाऱ्यांना एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट काढता येईल. आपसांत बदली करायची तर दोघींची सही, तीही पाच दिवस आधी.

मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. वसईच्या आणि केरळच्या काही ख्रिस्ती सिस्टर स्वतःहून पुढे आल्या. आम्ही लक्ष्मीपूजनाची रात्र करतो, आम्हाला २४ डिसेंबरची रात्र आणि २५ चा दिवस मोकळा द्या. एका मुस्लिम टेक्निशियनने ईदच्या बदल्यात तसंच सुचवलं. मेट्रन मॅडमनी हे अदलाबदलीचे शब्द तोंडी न ठेवता वहीत लिहून सही केली, कारण डिसेंबरपर्यंत बदली झाली किंवा इन्चार्ज बदलल्या तर तोंडी शब्द हवेत विरतो. या सगळ्या प्रकरणात एकही रुपया न लागता सर्वाधिक समाधान दिलं ते या वहीच्या पानाने.

तिसरा निर्णय : रात्रीचं जेवण

रात्रीच्या पाळीत सगळे मिळून ९४ माणसं असतात, हे निवृत्त सिस्टरांनी एका रात्री सुपरवायझर सिस्टरांसोबत फिरून मोजलं. ऑफिसच्या यादीवर विसंबले नाहीत. सहा जास्तीची धरून १०० जेवणं, तीन रात्री : लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. एका जेवणाला ११० रुपये, म्हणजे ३३ हजार.

बनवणार कोण? बचत गटाच्या बायकांना विचारणं सोपं होतं, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकराला त्यांना गॅससमोर उभं करून दुसऱ्या दमलेल्या बायकांचे आभार मानायचे, हे समितीतल्या एकीला पटलं नाही आणि ते बरोबरच होतं. गटाला फराळाचं काम दिलं, जे आठवडाभर आधी संपतं. जेवणासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी असलेलं जवळचं पोळीभाजी केंद्र शोधलं. तिथले आचारी बिहारचे. त्यांना रजा हवी होती ती छठपूजेला, जी लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी येते. ती मालकाने कबूल केली, मग सगळं जमलं.

मेनूवर वाद झाला. सणाचं म्हणून पुरी, श्रीखंड, मसालेभात असा आग्रह होता. निवृत्त सिस्टरांनी तो मोडून काढला. रात्री दीडला तळलेलं आणि गोड खाल्लं की तीनला जळजळ आणि झोप दोन्ही येतात, आणि स्टाफमध्ये मधुमेही बरेच आहेत. शेवटी ठरलं : पोळ्या, कोरडी भाजी, घट्ट वरण, थोडा भात, काकडी. दही-ताक नाही. भाताबद्दल विशेष काळजी घेतली. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो, त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून स्वयंपाक अकरानंतर, गाडी साडेबाराला निघणार, आणि अडीचनंतर उरलेलं कोणीही खायचं नाही.

वाटप एक, पावणेदोन आणि सव्वादोन अशा तीन खेपांत. प्रत्येक वॉर्डात किमान एक सिस्टर कायम पेशंटजवळ राहील अशा जोड्या आधीच लिहिल्या. खाणं फक्त पॅन्ट्रीत किंवा स्टाफरूममध्ये. महासंघाच्या चार जणांना पास, तोही लिफ्टच्या लॉबीपर्यंतच. वॉर्डात जायचं नाही.

पहिल्या रात्री काय चुकलं

कॅज्युअल्टी आणि ड्रेसिंग रूम जेवलीच नाही. भुईनळा हातात फुटलेला एक मुलगा, पायावर ठिणग्या पडून साडी पेटलेली एक बाई, आणि त्यामागे रांग. एक वाजता आलेली जेवणं टेबलाखाली ठेवली गेली आणि चारला त्यातली ११ टाकून द्यावी लागली. त्याच वेळी कॅज्युअल्टीच्या दारात १०८ च्या ॲम्ब्युलन्सचे दोघे आणि ड्युटीवरचा पोलीस शिपाई बिस्किटं खात बसले होते, कारण ते कोणाच्याच मोजणीत नव्हते. जेवणं वाया जात होती आणि तीन हात अंतरावर माणसं उपाशी होती. हे सकाळी कळलं तेव्हा समितीला फार लागलं.

दुसऱ्या रात्रीपासून कॅज्युअल्टीसाठी ताट बंद. पोळीत भाजी गुंडाळून बटरपेपरचे रोल केले, एका हाताने, उभ्याने, दोन मिनिटांत खाता येतील असे. त्यातले निम्मे अकराला आणि निम्मे दोनला पाठवले. ॲम्ब्युलन्स, पोलीस चौकी आणि शवागार यांची नावं कॅज्युअल्टीच्या यादीत धरली. त्या रात्री काही टाकावं लागलं नाही.

दुसरी चूक फोटोची. जेवण देतानाचा एक फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. मागे खाटेवरच्या पेशंटचा चेहरा आणि खाटेचा नंबर स्पष्ट दिसत होता. तासाभरात तो काढला, पण तोवर पुढे गेला असणारच. फोटो काढायचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते लिहून पासवर छापलेलं नव्हतं.

फराळ, गाडी, खोली

फराळाची ३९० पाकिटं, २५० ग्रॅमची, १२० रुपयांची : ४६,८०० रुपये. चकली, चिवडा, शंकरपाळे, एक रव्याचा लाडू. मधुमेहींसाठीच्या साठ पाकिटांत शंकरपाळे-लाडू नव्हते, त्यांवर हिरवा ठिपका. फराळ फ्रीजशिवाय टिकतो, म्हणून नाइट ऑफवर असलेल्यांची पाकिटं नाव लिहून वॉर्डच्या कपाटात ठेवता आली. कंत्राटी मावशींची पाकिटं महासंघाच्या लोकांनी स्वतः, सकाळी पावणेसातला, मागच्या दाराजवळच्या त्यांच्या हजेरीच्या जागी जाऊन दिली. कोणालाही वर चढवलं नाही.

स्टेशनपर्यंत दोन गाड्या, तीन संध्याकाळी, साडेनऊ ते अकरा : १५ हजार. हा खर्च पूर्ण सार्थकी लागला.

खोलीवर २८,५०० रुपये गेले. तळमजल्यावरची एक अडगळीची खोली रुग्णालयाने दिली. लोखंडी खाटा सहा, कारण लाकडात ढेकूण धरतात. रेक्झिनचं कव्हर असलेल्या, पुसता येणाऱ्या गाद्या, जाड पडदा, दुरुस्त केलेला पंखा. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात मंदावतं आणि औषधाच्या डोसमध्ये चूक होण्याची भीती तेव्हाच जास्त. वीस-तीस मिनिटांची झोप तेव्हा उपयोगी पडते. त्याहून लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं. पण खोली तयार झाली तरी पहिले काही दिवस कुलूपबंद होती. ड्युटीवर झोपणं हा नियमाने गुन्हा. कोण धजावेल? मेट्रन मॅडमनी लेखी सूचना काढली : नाइटला ३० मिनिटांचा ब्रेक, वहीत वेळ लिहून, जोडीदारीण वॉर्डात असतानाच. किल्ली सुपरवायझर सिस्टरांच्या टेबलाजवळच्या खिळ्यावर. त्यानंतर खोली वापरात आली. आधी परवानगी आणि मग खाटा, असा क्रम हवा होता.

एकूण खर्च १,२३,३००. उरलेल्या १,७०० रुपयांत नाइटसाठी एक इलेक्ट्रिक किटली आणि स्टीलचे कप आले.

काम कमी करणं

निवृत्त सिस्टरांचा आग्रह होता की सोसायट्यांनी कॅज्युअल्टीत जाणारी गर्दीच कमी करावी. सातही सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये एक कागद लावला. रुग्णालयाभोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे फटाका नाही. मुलं फटाके उडवतील तिथे पाण्याच्या दोन बादल्या आणि सुती कपडे. भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. टूथपेस्ट खरवडून काढण्यात ड्रेसिंग रूमची दहा मिनिटं जातात आणि पोराच्या किंकाळ्या वेगळ्या. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, थेट डोळ्यांचा डॉक्टर असलेल्या रुग्णालयात जायचं. पेशंटबरोबर दोघंच. याचा किती परिणाम झाला ते मोजलं गेलं नाही.

शब्दांचे आभार

मुलांकडून शुभेच्छापत्रं करून घ्यायची सूचना होती. निवृत्त सिस्टर म्हणाल्या, करा, पण त्याआधी मोठ्यांनी एकेक पत्र लिहावं. सोसायट्यांतल्या ज्या घरांतलं कोणी वर्षभरात तिथे दाखल होतं, त्यांनी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे पत्र लिहायचं : तारीख, वॉर्ड, पाळी आणि नेमकं काय केलं. “सगळ्या स्टाफचे आभार” असं वाक्य कोणालाच लागू होत नाही. नाव आणि काम लिहिलेलं पत्र सेवापुस्तकाच्या फाइलला जोडता येतं, बढतीच्या वेळी दिसतं. तक्रारींची पत्रं फाइलमध्ये जातातच, म्हणून चांगल्यांनीही जावं. कंत्राटी मावशींची फाइल रुग्णालयात नसते, म्हणून त्यांच्या पत्राची एक प्रत कंत्राटदाराला आणि एक त्यांच्या हातात.

२३ पत्रं आली. एका पत्रात इतकंच होतं : आई सोळा दिवस फीमेल मेडिकल वॉर्डला होती. रात्री दर दोन तासांनी मावशींनी तिची कूस बदलली. आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. त्या मावशींना वाचता येत नव्हतं. सिस्टरांनी मेडिसिन ट्रॉलीशी उभं राहून त्यांना ते दोनदा वाचून दाखवलं. मावशींनी कागदाची बारीक घडी घातली आणि गळ्यातल्या आयकार्डच्या प्लास्टिकमध्ये, स्वतःच्या फोटोच्या मागे सरकवून ठेवली.

निष्पत्ती आणि वेगळं काय करता आलं असतं

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऐनवेळी येणारे “बरं नाही” असे फोन त्या वर्षी कमी होते, असं मेट्रन मॅडमनी सांगितलं. एका दिवाळीवरून निष्कर्ष काढू नये, पण त्यांचा स्वतःचा अंदाज असा की यादी लवकर लागल्यामुळे हे झालं. २४ डिसेंबरच्या रात्री वहीतले शब्द पाळले गेले. त्या रात्री मेडिसिन वॉर्डला हॉस्टेलच्या लातूरच्या दोघी होत्या. दोघी लक्ष्मीपूजनाला घरी जाऊन आल्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर तीन गोष्टी बदलाव्या लागतील. कॅज्युअल्टीचं जेवण पहिल्या रात्रीपासून वेगळं हवं. ही चूक टाळता आली असती, कारण समितीत विचारायला माणूस होतं, फक्त “कॅज्युअल्टी दीड वाजता जेवू शकते का” हा प्रश्न कोणी विचारला नाही. पासच्या मागे फोटोबंदी छापलेली हवी. आणि निवासी डॉक्टरांना पेटीच्या चिठ्ठ्यांत गाठता आलं नाही. ते चेंजिंग रूमकडे फिरकतच नाहीत, त्यांची पेटी ड्युटी रूमच्या दारात ठेवायला हवी होती. त्यांच्या अडचणी या साऱ्या नियोजनात जवळजवळ आल्याच नाहीत, आणि ही मोठी उणीव आहे.

एक प्रश्न तसाच राहिला. दिवाळीच्या दोन गटांची मांडणी कायम सिस्टरांना लागू झाली, कंत्राटी मावशींना नाही. त्या ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवसाचा पगार कापला जातो, त्यामुळे मोकळा गट त्यांना परवडत नाही. भाऊबीजेला भावाकडे जायचं तर मजुरी सोडावी लागते. महासंघाने अधीक्षकांना पत्र दिलं आहे की पुढच्या कंत्राटाच्या अटींत सणाची एक भरपगारी सुट्टी घालावी. पत्राची पोच मिळाली आहे. कंत्राटाची मुदत मार्चला संपते, म्हणून निवृत्त सिस्टर आणि सेक्रेटरी काका जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जाणार आहेत.